बद्रीनाथ तुप्यांचं बहिरेपण

बद्रीनाथ तुपे तीन वर्षांपासून बहिरे होते, आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

सुरुवात मात्र खरी होती. त्या वर्षी दिवाळीच्या आंघोळीआधी आवडाबाईंनी नवऱ्याच्या कानात कोमट तेल घातलं, वरून पाणी गेलं, कान आधी खाजले, मग ठणकले आणि चौथ्या दिवशी दोन्हीकडून बंद झाले. डॉक्टरांनी आत बुरशी धरल्याचं सांगून थेंब दिले. पंधरा दिवस बद्रीनाथांना जगाची नुसती तोंडं हललेली दिसत होती. सोळाव्या दिवशी सकाळी दाढी करताना कानात फट्‌ झालं आणि स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी थेट डोक्यात घुसली. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते ही बातमी सांगायला बाहेरच्या खोलीकडं निघाले आणि दारातच थबकले. आत त्यांचा धाकटा भाऊ अप्पाराव गावाकडून आला होता आणि आवडाबाईंना म्हणत होता, "वहिनी, बांधाचं भांडण आता तालुक्याला न्यावं लागतंय. भाऊला ऐकू आलं असतं तर त्यालाच मधी बसवलं असतं."

बद्रीनाथांनी तिथंच उभ्या उभ्या गालावरचा साबण पुसला आणि मनाशी ठरवलं, आणखी चार दिवस बहिरं राहायला काय हरकत आहे. त्या चार दिवसांची तीन वर्षं झाली.

माणूस आळशी नव्हता, भित्राही म्हणता आला नसता. पण भांडण मिटवणं हे काम त्यांच्या गळ्यात चुकून पडलं होतं. पैठण रोडवरच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन ते शहरात आले आणि टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर लागले. डोक्याला हेडफोन, हातात दोऱ्या आणि समोर भोकांची भिंत. कुणाला मुंबई जोडून द्यायची, कुणाला हैदराबाद. लाइन लागली की नाही हे बघायला पहिलं अर्धं मिनिट ऐकावंच लागायचं, आणि अर्ध्या मिनिटात माणसं काय काय बोलून जातात. सरकीचे भाव, सोयरिकी, मयती, हॉस्टेलवरच्या मुलींची रडारड. बद्रीनाथांनी त्यातला एक शब्द कधी बाहेर काढला नाही, बायकोजवळसुद्धा नाही. पुढं लोक घरूनच नंबर फिरवायला लागले, बोर्ड भंगारात गेला आणि ते तक्रारीच्या टेबलावर बसून निवृत्त झाले. पण पोटात ठेवणारा माणूस ही कीर्ती मागं उरली. मग भावकीतले लोक येऊ लागले, गारखेड्यातल्या कॉलनीतले येऊ लागले. कुणाची गाडी कुणाच्या फाटकासमोर, कुणाच्या गच्चीचं पाणी कुणाच्या भिंतीवर. बद्रीनाथांना काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून ते गप्प बसत. लोकांना ते गप्प बसणं लई वजनदार वाटायचं आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. या सगळ्यातून बुरशीनं त्यांना सोडवलं.

बहिरेपण टिकवायला मात्र कष्ट पडले. मुलगा कृष्णा त्यांना कानाच्या तपासणीला घेऊन गेला. तिथं हेडफोन लावून बारीक आवाज सोडतात, आणि आवाज आला की माणसानं बटण दाबायचं असतं. ज्यानं जन्म हेडफोनमध्ये काढला त्याला प्रत्येक आवाज स्वच्छ ऐकू येत होता. पण कुठला आवाज सोडायचा आणि कुठला धरायचा याचं गणित बसेना, म्हणून त्यांनी मनाला येईल तसं बटण दाबलं. तपासणाऱ्या मुलीनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि ती शेजारणीला म्हणाली, "असा बहिरेपणा आपल्या पुस्तकात नव्हता गं." बद्रीनाथांनी तोंडावरची माशी हलू दिली नाही. कृष्णानं यंत्र घेतलं, ते डबीत गेलं आणि डबी कपाटात गेली.

आवडाबाईंना कितपत माहीत होतं हे सांगणं कठीण आहे. त्यांनी कधी विचारलं नाही. पण कधीकधी त्या नवऱ्याकडं पाठ करून भिंतीशी बोलत, "गॅसचा नंबर लावायला पाह्यजे, पण या घरात सांगावं कुणाला." आणि दुपारपर्यंत गॅसचा नंबर लागलेला असे.

घरात चौथं माणूस म्हणजे सून मेघा. ती पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची आणि सासऱ्याला मराठवाड्याच्या रीतीप्रमाणं मामा म्हणायची. आणि पाचवा कृष्णा आणि मेघाचा एकुलता एक मुलगा, सत्यम. वय पंधरा, इयत्ता दहावी.

हा सत्यम नववीपर्यंत साधा पोरगा होता. गणपतीनंतर तो बदलला. दारं आपटायला लागला, आईला तोडून बोलायला लागला. शेजाऱ्यांच्या कारचा आरसा फुटला तेव्हा त्याच्या खिशात खडे सापडले. शिकवणीला जातो म्हणून सायकल काढायचा आणि परत यायचा तेव्हा वह्या कोऱ्या असायच्या. कृष्णा वाळूजच्या कंपनीत कामाला, पहाटे साडेपाचला डबा घेऊन घर सोडायचा, संध्याकाळी यायचा तो थकून. तो पोराला काही बोलायला गेला की पोरगा बापाकडं अशा नजरेनं बघायचा की बापच मान खाली घालायचा. हे बद्रीनाथांनी पाहिलं होतं. बहिऱ्या माणसाचे डोळे रिकामेच असतात.

पाणी यायचा दिवस गारखेड्यात सणासारखा असतो. त्या दिवशी गच्चीवर बसून टाकी भरली की नाही ते बघायचं काम म्हाताऱ्याकडं होतं. एका संध्याकाळी सत्यम वर आला, टाकीला टेकून बसला आणि आजोबांकडं न बघता म्हणाला, "आबा, तुम्हाला ऐकू येत नाय ना, हे एकदम भारी आहे. बोलायला मजा येते."

बद्रीनाथ टाकीकडं बघत राहिले.

त्या दिवशी तो गणिताच्या सरांबद्दल बोलला. पुढच्या पाण्याला त्यानं सांगितलं की शिकवणीवाल्यांकडं आईचा म्हणून त्यानं स्वतःचाच दुसरा नंबर दिलाय, आणि गैरहजेरीचा निरोप आला की तोच आईच्या नावानं उत्तर देतो. "परवा लिहिलं, सत्यमला जुलाब होत आहेत, कृपया समजून घ्यावे. त्यांनी नारळपाणी पाजा म्हणून कळवलं." बद्रीनाथांना हसू आवरेना. त्यांनी खोकल्याची मोठी उबळ काढली, इतकी मोठी की पोरगा पाणी आणायला खाली पळाला.

तिसऱ्या वेळी मात्र तो बराच वेळ नखं कुरतडत बसला आणि मग बोलला.

"पप्पांची नोकरी गेली आबा. आषाढातच गेली. घरी कुणाला सांगितलं नाय त्यांनी. सकाळी कंपनीचा निळा शर्ट घालून निघतात, रस्त्यात पेट्रोल पंपावर बदलतात, आणि दिवसभर जेवणाची पार्सलं पोचवतात. औरंगपुऱ्यात दिसले मला. मम्मीचा डबा गाडीवर बसून खात होते." त्यानं नखानं टाकीचा रंग खरवडला. "मी शिकवणीला जातच नाय. पप्पांच्या मागं जातो. ते सिग्नलला थांबले की मी लांब थांबतो. परवा शहागंजात त्यांची गाडी घसरली. पार्सल फुटलं, सगळा रस्सा रस्त्यावर. पप्पा उठले, गुडघ्याला रक्त, आणि तसंच फोनवर गिऱ्हाइकाला सॉरी सॉरी करत होते. मी रिक्षाच्या मागं होतो. आबा, मी पुढं गेलो नाय. गेलोच नाय मी."

टाकी केव्हाच भरली होती. पाणी वरून वाहत खाली शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडत होतं आणि शेजारीण घसा ताणून ओरडत होती. बद्रीनाथांना त्या वेळी खरोखरच काही ऐकू येत नव्हतं.

पुढचे आठ दिवस त्यांच्यासाठी वाईट गेले. पहाटे कृष्णा चपला घालताना म्हणायचा, "आज लाइनवर लोड हाये, उशीर होईल," आणि बद्रीनाथ पेपर तोंडासमोर धरायचे. मेघा अंधारात उठून केलेल्या पोळ्या डब्यात भरायची. कानात आलेलं बाहेर काढायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. पण बोर्डावर असताना आवाज परक्यांचे असायचे. आता घरातलाच एक माणूस दुसऱ्याला फसवत होता, तिसरा त्याच्यावर पाळत ठेवून होता आणि ते स्वतः मध्ये बसून पेपरातली राशिभविष्यं वाचत होते.

नवव्या दिवशी सत्यमनं वर्गातल्या दहिहंडे नावाच्या पोराच्या तोंडावर पाण्याची स्टीलची बाटली मारली. समोरचा दात अर्धा तुटला. मुख्याध्यापिकांनी सांगितलं, उद्या वडिलांना घेऊन ये.

सत्यमनं वडिलांना आणलं नाही. त्यानं पाटीएवढ्या अक्षरात एका कागदावर लिहून आजोबांसमोर धरलं: "आबा, उद्या शाळेत आजी-आजोबा दिन आहे. तुमचा सत्कार आहे. घरी सांगू नका, सरप्राइज आहे."

बद्रीनाथांनी तो कागद दोनदा वाचला. अर्ध्या तासापूर्वी हेच पोरगं जिन्यात मित्राशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं होतं, "पप्पांना नाय नेणार. आबांना नेतो. त्यांना काय, मॅडम ओरडल्या तरी ते हसत बसतील." बद्रीनाथांनी मान डोलावली, डोळ्यांत समाधान आणलं आणि सकाळी ठेवणीतला सफारी काढून, टोपीला इस्त्री करून तयार झाले. सत्काराला जायचं म्हणजे तसंच जायला हवं. जाताना त्यांनी कपाटातून शालीसाठी एक रिकामी पिशवीही घेतली.

मुख्याध्यापिका सभ्य बाई होत्या. समोर सफारीतला म्हातारा हात जोडून बसला आणि म्हणाला, "लई उपकार झाले बाई. आजवर माझा कुणी सत्कार केला नव्हता." बाईंनी सत्यमकडं पाहिलं. सत्यमनं कानाकडं बोट केलं. मग बाई मोठ्यानं बोलायला लागल्या.

"आजोबा, तुमच्या नातवानं एका मुलाचा दात तोडला."

"दात?" बद्रीनाथ म्हणाले. "वरची कवळी हाये. खालचे सगळे माझे."

"तुमचा नाही. दहिहंडेचा."

"दहीहंडी तर कवाच होऊन गेली की."

बाहेरच्या व्हरांड्यात शिपाई भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. दोन वर्गांतली पोरं खिडकीशी गोळा झाली. बाईंचा आवाज चढत चढत फाटला, तेव्हा त्यांनी पाणी पिऊन वहीचा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "मारामारी." बद्रीनाथांनी चष्मा वर-खाली करून ते वाचलं आणि विचारलं, "शाल मारामारीनंतर देणार का आधी?"

सत्यमनं तोंडावर हात धरला होता. किती दिवसांनी पोरगं हसत होतं.

तेवढ्यात दुसऱ्या खुर्चीत बसलेले दहिहंडे, म्हणजे तुटक्या दाताचे वडील, उठले. त्यांचा संताप चुकीचा नव्हता. पोराचा दात गेला होता आणि इथं तमाशा चालला होता. ते बाईंना म्हणाले, "मॅडम, कशाला घसा कोरडा करता. बाप घरोघर डबे पोचवत फिरतो, माझ्याच दारात आला होता. आजा ठार बहिरा. असल्या घरची पोरं दुसरं काय करणार. माझ्या मुलानं नुसता फोटो काढून ग्रुपवर टाकला, लिहिलं, सत्यमच्या पप्पांना टिप द्या. गंमत केली, त्याचं एवढं?"

सत्यमचं हसू गेलं. त्याची मान खाली गेली ती छातीलाच टेकली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

बद्रीनाथांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाप डबे पोचवतो, हे खरंय," ते शांतपणे म्हणाले. "आजा बहिरा हाये, हे खोटंय."

बाईंनी हातातला कागद हळूच उलटा करून ठेवला.

"पोरानं मारलं हे लई वाईट केलं," बद्रीनाथ दहिहंड्यांकडं वळले. "दाताचं जे काय असंल ते आम्ही बघू. तो आत्ता तुमची माफी मागंल, तुमच्या पोराचीबी मागंल. पण साहेब, त्याचा बाप तुमच्या दारात आला तवा तुमच्या घरच्यांना भूक लागली होती. तो फोटो काढून टाकायला सांगा. मी काय मोठा माणूस नाय. तरी सांगा."

सत्यमनं माफी मागितली, पुटपुटत का होईना. दहिहंडे जरा वेळ उभे राहिले, मग मोबाइल काढून बाहेर गेले. फोटो त्याच दिवशी गेला. सत्यमला पाच दिवस घरी बसायची शिक्षा झाली. बाई निरोप देताना बद्रीनाथांना म्हणाल्या, "आजोबा, माझा घसा बसला." बद्रीनाथ म्हणाले, "हळद-दूध घ्या बाई," आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

फाटकाबाहेर सत्यमनं सायकल हातात धरली आणि विचारलं, "तुम्ही ऐकत होते?"

"व्हय."

"गच्चीवरबी?"

"व्हय."

"सगळं?"

"सगळं, सत्या."

पोराचा चेहरा पांढरा पडला. "मी तुम्हाला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "मी तुम्हाला नव्हतं सांगितलं. ज्याला ऐकू येत नाय त्याला सांगितलं होतं." आणि सायकलवर टांग टाकून तो निघून गेला.

बद्रीनाथ फाटकाशी उभे राहिले. एवढं खरं बोलणं त्यांना आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. मग त्यांनी रिक्षाला हात केला. पोरगा कुठं गेला असेल हे शोधायची गरज नव्हती. त्यानंच सांगून ठेवलं होतं.

औरंगपुऱ्यात, चपलांच्या दुकानांची ओळ संपते तिथं एका बंद दुकानाच्या पायरीवर सत्यम बसला होता. समोर पन्नास पावलांवर एका हॉटेलापुढं पार्सलवाल्यांच्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यात लाल टी-शर्टातला कृष्णा हँडलवर डबा ठेवून जेवत होता. त्याचं इकडं लक्ष नव्हतं. आजोबांना पाहून सत्यमनं खिशातून इयरफोन काढले, दोन्ही कानांत घातले आणि म्हणाला, "मला ऐकू येत नाय."

"बरं झालं," म्हणत बद्रीनाथ गुडघे धरत शेजारी बसले.

पायरी तापलेली होती. त्यांनी शालीची पिशवी खाली घेतली. मग रस्त्याकडं बघत ते बोलू लागले. "तुझा बाप एकवीस वर्षांचा होता. त्याला गाड्यांचं याड. दुसऱ्यांच्या लुना खोलून बसायचा. एक दिवस स्वयंपाकघरात आईला सांगत होता, मला गॅरेज टाकायचंय, पण दादांना, म्हणजे मला, सांगायची हिंमत होत नाय, तू सांग. मी दाराच्या अल्याड होतो. कान तवा चांगले होते. सगळं ऐकलं. आणि दुसऱ्या दिवशी साहेबाला भेटून त्याला कंपनीत चिकटवून आलो. कारण महिन्याचा पगार, पीएफ. त्यानं मला इचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून त्यानं इचारायच्या आधीच मी बहिरा झालो. ह्या बुरशीच्या लई आधी." त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. "तू रिक्षाच्या मागं उभा राह्यलास ना, तू पंधरा वर्षांचा हायेस. मी पन्नाशीला आलो होतो."

पोरगा इयरफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. इयरफोनमध्ये गाणं वगैरे काही लागलेलं नव्हतं, हे बद्रीनाथांना बसल्या जागी कळत होतं. तारेतली शांतता ओळखायला त्यांना पगार मिळायचा.

"मग आता काय करायचं?" शेवटी सत्यमनं विचारलं.

"जाऊन भेटावं त्याला."

"नको. पकडल्यासारखं होईल. पप्पा लई शरमतील."

बद्रीनाथांनी विचार केला. "मग त्यालाच आपल्याकडं बोलवू. त्यो जेवण पोचवतो ना? आपल्याला भूक लागलीय."

सत्यमनं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत जुना, आरसा फुटायच्या आधीचा खट्याळपणा चमकून गेला. त्यानं मोबाइल काढला. जवळ जो मोकळा असेल त्याला काम जातं, त्यानं समजावून सांगितलं, म्हणजे नशीब असेल तर पप्पाच येतील. पहिल्यांदा त्यांनी इडली मागवली. आला तो वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा. नाव तन्वीर. पायरीवरचा सफारीतला म्हातारा पाहून तो चक्रावला, पण इडली देऊन गेला. दोघांनी ती निमूट खाल्ली. दुसऱ्यांदा समोसे मागवले. पुन्हा तन्वीरच आला.

"क्या चाचा, फिर तुमिच?"

"भूक लागली बाबा," बद्रीनाथ म्हणाले.

तिसऱ्यांदा त्यांनी लस्सी मागवली, आणि तन्वीर लस्सीचे दोन ग्लास घेऊन आला तो गाडी स्टँडला लावूनच. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मेरेकू बोलो, चक्कर क्या है? सामने हॉटेल है, चल के जा सकते. मेरा इम्तिहान ले रै क्या?"

सत्यमनं त्याला खरं सांगितलं. तन्वीरनं ऐकून घेतलं, वळून पन्नास पावलांवर बघितलं आणि डोकं खाजवलं. "किशनभाई के लडके तुम? वो तो हमकू रोज तुम्हारे बारे में बतातें. बोलते, मेरा लडका दसवी में है, बहुत होशियार." सत्यम बुटांकडं बघायला लागला. "रुको. अब मंगाओ. मैं नै उठाता, और बाकी लोगां कू भी बोलता."

चौथ्यांदा त्यांनी साधा दहीभात मागवला, कारण पोटात जागाच नव्हती. पायरीवरून दोघांना दिसत होतं. तन्वीर एकेकाच्या कानाशी लागला. मग कृष्णाचा मोबाइल वाजला, त्यानं डबा बंद केला, हॉटेलातून पिशवी घेतली आणि पत्ता बघत गाडी काढली. पन्नास पावलांसाठी गाडी काढली म्हणून मागं सगळे हसले. तो पायरीजवळ आला, म्हणाला, "बद्रीनाथ यांची ऑर्डर," आणि मग त्यानं वर पाहिलं.

हेल्मेटची काच खाली होती, त्यामुळं त्याचा चेहरा दिसला नाही. काच वर झाली नाही बराच वेळ. मग ती वर झाली. कृष्णानं बापाकडं पाहायचं टाळलं आणि तो मुलाला म्हणाला, अगदी हळू, "सत्या, मी समजावून सांगतो तुला. पण आजोबांना कळू देऊ नको. त्यांना काय सांगायचं ते मी बघतो."

"सांगायची गरज नाय किसना," बद्रीनाथ म्हणाले. "दहीभात दे. आणि बस इथं."

कृष्णा गाडीवरून उतरून पिशवी हातात घेऊनच पायरीवर बसला. "दादा, तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं."

"केव्हापासून?"

"ते मग सांगतो. आधी गुडघा दाखव."

सत्यमनं बापाच्या पँटचा पाय वर केला. शहागंजातली जखम नीट भरली नव्हती, कापडाला चिकटली होती. सत्यम म्हणाला, "पप्पा, मी होतो तिथं. रिक्षाच्या मागं." आणि मग तो रडला, भर औरंगपुऱ्यात, चपलांच्या दुकानांसमोर, पंधरा वर्षांचा पोरगा. कृष्णानं हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर घातलं, कुणी रडताना बघू नये म्हणून. दहीभात तसाच राहिला. तो शेवटी तन्वीरनं खाल्ला.

घरी सांगायचं काम कृष्णानंच केलं, त्याच संध्याकाळी. मेघानं सगळं ऐकून घेतलं आणि शिलाई मशीनचं झाकण लावलं. नोकरी गेल्याचं तिला फार वाटलं नाही. "नोकऱ्या जातात," ती म्हणाली. पण पाच महिने मी साडेचारचा गजर लावून उठत होते, तुम्हाला नऊला जायचं होतं तरी, हे तिला सहन होईना. चार दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही आणि चार दिवस सकाळी आठपर्यंत झोपली. मग तिचं लक्ष सासऱ्याकडं गेलं. तीन वर्षांत त्यांच्यासमोर बहिणीशी फोनवर ती काय काय बोलली होती ते तिला आठवायला लागलं, आणि ती लालबुंद झाली.

"मामा, ते गुलाबजामाचं तुम्ही ऐकलं होतं?"

"कुठल्या गुलाबजामाचं?" बद्रीनाथांनी विचारलं. ऐकलं होतं.

आवडाबाई एवढंच म्हणाल्या, "झालं का तुमचं बरं?" आणि त्यांनी गव्हाची पिशवी पुढं सरकवून त्यांना गिरणीवर पाठवलं.

कृष्णानं पार्सलं लगेच सोडली नाहीत. पण तन्वीरचे मामा, रहीमभाई, यांचं शहागंजात बॅटरीवरच्या गाड्या दुरुस्त करायचं छोटं गॅरेज होतं. तिथं तो दुपारनंतर जायला लागला, आधी शिकायला, मग हाताखाली, आणि आता रहीमभाई त्याला गाडी खोलून देऊन स्वतः चहा प्यायला जातात. घरी येतो तेव्हा त्याचे हात काळे असतात आणि जेवताना तो बोलतो. सत्यमनं दहिहंड्याच्या दाताच्या दवाखान्यात दोन खेपा सोबत केली. ती दोघं अजून मित्र झालेली नाहीत. शिकवणी त्यानं सोडली, आणि शिकवणीवाल्यांना मेघा तुपे यांच्या नावानं आभाराचा शेवटचा निरोप पाठवला, हे बद्रीनाथांना माहीत आहे, मेघाला नाही. दहावीला त्याला चौसष्ट टक्के पडले. गणितात काठावर.

बद्रीनाथांचं मात्र व्हायचं तेच झालं. कान उघडल्याची बातमी गावापर्यंत गेली आणि पहिल्याच रविवारी अप्पाराव बांधाचे कागद घेऊन हजर झाला. सोबत बांधापलीकडच्या वाटेकऱ्यालाही, ज्याच्याशी भांडण होतं त्याला, आणलं होतं. दोघं पुढच्या खोलीत बसून एकमेकांवर ओरडत होते. बद्रीनाथ मध्ये बसले. आधीसारखे गप्प बसून राहिले असते तर दोघं चहा पिऊन गेले असते आणि महिन्यानं पुन्हा आले असते.

सत्यम दारात उभा राहून बघत होता.

"अप्पा," बद्रीनाथ म्हणाले, "बांध तू सरकवलायस. दोन हात. मला माहीत हाये. तू बारा वर्षांपूर्वी माझ्यासमोर बोलला होतास."

अप्पारावचं तोंड उघडं राहिलं. वाटेकरी हळूच टेकून बसला. आतून आवडाबाईंनी विचारलं, चहा दोनच कप टाकू का तीन.

"तीन टाक," बद्रीनाथ म्हणाले. "अप्पा बसतोय अजून."